पस्तीस पौंड हवा

काकांचा उजवा हात कोटाच्या आत होता आणि पोलीस ओरडत होता की हात बाहेर काढ. त्याचं पिस्तूल काकांच्या छातीवर रोखलेलं होतं. हायवेच्या कडेला बर्फात आम्ही उभे होतो: काका, काकू, मी आणि माझी चार वर्षांची नात. काकूंच्या आणि माझ्या अंगावर संक्रांतीच्या काळ्या साड्या, वर जाड कोट. नातीच्या गळ्यात हलव्याचे दागिने. आमचे सगळ्यांचे हात वर होते. काकांचा मात्र एकच हात वर होता. दुसऱ्या हाताने ते शर्टाच्या खिशात काहीतरी चाचपत होते आणि पोलिसाला समजावत होते, "वन मिनिट, वन मिनिट, आय विल शो यू."

ते काय दाखवणार होते ते काकूंना आणि मला ठाऊक होतं. त्या खिशात हवा मोजायचं गेज असायचं. पेनाएवढं, स्टीलचं, चकचकीत. पोलिसाला ते कसं ठाऊक असणार? त्याने एवढंच पाहिलं होतं की गाडीच्या डिकीत दंडाएवढा जाड, दोन्ही तोंडं बंद केलेला एक पांढरा पाइप पट्ट्याने बांधून ठेवलाय.

पाइपात बाँब नव्हता. हवा होती, पस्तीस पौंड. ती तिथे कशी गेली हे सांगायचं तर आधी काका कसे होते ते सांगायला हवं.

काका आमचे घरमालक. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यू या देशी दुकानांच्या रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं विटांचं दोन मजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर आम्ही: मुलगा, सून, नात आणि मी. वयाने काका माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होते, पण तिथली सगळी मराठी मंडळी त्यांना काका म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. ते मला आजी म्हणायचे. ते मला आवडायचं नाही, आणि ते मी त्यांना सांगितलंही होतं. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

मुलगा घर बघायला गेला तेव्हा भाडेकरूला विचारतात तसलं त्यांनी काही विचारलं नाही. पगार किती, माणसं किती, काही नाही. ते चपला घालून खाली रस्त्यावर आले, मुलाच्या गाडीच्या चारही चाकांवर अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "मागची दोन्ही कमी आहेत. घर देतो, पण आधी हवा भरून या." मुलाला वाटलं थट्टा चाललीय. तो हसला. काकांनी दार लावून घेतलं. पोरगा हवा भरून आला तेव्हा किल्ली मिळाली.

माझ्याबद्दल त्यांना आदर होता, पण तो माझ्या वयाचा किंवा स्वयंपाकाचा नव्हता. आमचे मालक, म्हणजे मुलाचे वडील, एसटीच्या डेपोत टायर विभागात होते, तीस वर्षं. एकदा बोलता बोलता मी सांगितलं की ते रात्रपाळीवरून आले की अंगाला रबराचा वास यायचा आणि दोन वेळा साबण लावला तरी जायचा नाही. त्या दिवसापासून काका नवीन टायर आणला की मला खाली बोलवायचे. मी टायरकडे बघून मान हलवायची. मला त्यातलं काय कळत होतं? पण मालकांची बायको म्हणजे निम्मी मेकॅनिक, असा त्यांचा समज होता आणि मी तो मोडला नाही.

ते गेज त्यांच्या खिशात सकाळी आंघोळ झाल्यापासून रात्री झोपेपर्यंत असायचं. लग्नाला जाताना कोटाच्या वरच्या खिशात लोक रुमाल लावतात तिथे त्यांचं गेज. काकू डेव्हनवर भाजी घ्यायला दुकानात शिरल्या की काका रस्त्यावर लावलेल्या गाड्यांच्या कडेने चालायला लागायचे. कोणाचीही गाडी असो, वाकायचे, चाकाच्या नळीचं टोपण काढायचे, गेज लावायचे, टोपण परत लावायचे आणि पुढे. हवा कमी निघाली की खिशातून कागद काढून चिठ्ठी लिहायचे आणि काचेवरच्या वायपरखाली खोचायचे. "पुढचं डावं, सहा पौंड कमी." खाली सही. एकदा एका सरदारजीला वाटलं पार्किंगचा दंड झाला. तो चिठ्ठी घेऊन रस्ताभर पोलीस शोधत फिरला. शेवटी त्याला वाकलेले काका सापडले. भांडण होईल म्हणून मी आणि काकू पिशव्या घेऊन धावलो, तर दोघं त्याच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून बोलत होते. सरदारजीची टॅक्सी होती. तो पुढे दर महिन्याला हवा बघून घ्यायला यायचा.

काका म्हणायचे, "चाक बोलतं, आपल्याला ऐकता आलं पाहिजे." ते चालत्या गाडीचा आवाज ऐकून सांगायचे की कुठलं चाक घासतंय. निदान तसं म्हणायचे. खरी गोष्ट अशी होती की पिंपरीच्या कारखान्यातून ते इथे आले आणि पुढची तीस वर्षं पत्रे दाबायच्या मोठ्या मशीनवर उभे राहिले, आणि त्या मशीनने त्यांचा उजवा कान खाल्ला होता. उजव्या बाजूने त्यांना काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, एक त्यांना सोडून. कोणी उजवीकडून बोललं आणि त्यांना कळलं नाही की ते म्हणायचे, तोंडातल्या तोंडात का बोलतोस. इथे गाडी चालवणारा डावीकडे बसतो आणि त्याची बायको उजवीकडे. काकू तीस वर्षं गाडीत त्यांच्या बहिऱ्या कानाशी बसून मनात येईल ते बोलत आल्या होत्या. आमचा संसार सुखाचा झाला त्याचं कारण हेच, असं त्या मला म्हणाल्या होत्या. हे म्हणताना त्या हसत नव्हत्या.

घराच्या तळघरात लोक जुनं सामान ठेवतात. काकांच्या तळघरात चाकं होती. शिकागोच्या थंडीत साधा टायर दगडासारखा कडक होतो आणि बर्फावर घसरतो, म्हणून हिवाळ्यासाठी वेगळे, मऊ रबराचे टायर लावतात. सगळे लावत नाहीत. आळशी लोक बारा महिने एकच टायर चालवतात. काकांचा त्या लोकांवर राग होता. त्यांच्याकडे प्रत्येक गाडीची हिवाळ्याची चार चाकं वेगळी, लोखंडी चकतीसकट, भंगारवाल्याकडून निवडून आणलेली. आमच्या गाडीची चार, त्यांची चार, शेजारच्या गुजराती बाईंची चार. सगळी काकूंच्या जुन्या साड्या पांघरून भिंतीशी बसलेली असायची आणि प्रत्येकावर खडूने लिहिलेलं, पुढचं उजवं, मागचं डावं. नातीला ती चाकं म्हणजे साड्या नेसलेल्या बायका वाटायच्या. ती खाली गेली की त्यांना हॅलो म्हणायची.

हिवाळ्याची चाकं दसऱ्याला चढवायची आणि गुढीपाडव्याला उतरवायची, हा काकांचा नियम. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची, गाड्यांची पूजा करतात. काका पान्ह्याची, जॅकची आणि बारा चाकांची करायचे. झेंडूची फुलं डेव्हनवरून यायची. हळदकुंकू काकू वाहायच्या, आणि मग काका पाठ धरेपर्यंत चाकं बदलायचे. कोणी मदतीला गेलं तर हाकलून द्यायचे. दसरा झाला की ऊन असो नाहीतर पाऊस, थंडी सुरू झाली असं ते मानायचे. पाडवा झाला की थंडी संपली. शिकागोला पंचांग माहीत नाही. एका वर्षी पाडव्यानंतर आठ दिवसांनी गुडघाभर बर्फ पडला. काकांची गाडी उन्हाळ्याच्या चाकांवर घरासमोरच घसरून कचऱ्याच्या डब्यावर गेली. मी वरून खिडकीतून म्हटलं, "काका, नवीन वर्षाच्या शुभेच्छा." ते वर न बघता म्हणाले, "हा बर्फ चुकीचा आहे."

मग दोन हजार सात साली त्यांची जुनी गाडी मेली आणि त्यांना नवीन घ्यावी लागली. नव्या गाड्यांना एक नवीन लाइट येऊ लागला होता. प्रत्येक चाकाच्या आत अंगठ्याएवढं एक यंत्र बसवलेलं असतं. ते चाकातली हवा मोजतं आणि गाडीला कळवतं. हवा उतरली की स्टिअरिंगच्या मागे पिवळा लाइट लागतो. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला ते चित्र वरून बघितलेल्या चुलीसारखं दिसलं, आणि चुलीत एक उद्गारचिन्ह. सुनेने सांगितलं की तो टायर आहे.

गाडी विकणाऱ्या पोराने काकांना हे कौतुकाने समजावलं. आता तुम्हाला कधी हवा बघावी लागणार नाही, असं म्हणाला. त्या पोराला माहीत नव्हतं तो कोणाशी बोलतोय. काका घरी आले ते तोंड पाडून. जेवले नाहीत. काकूंना वाटलं गाडी पसंत नाही. रात्री म्हणाले, "उद्या हे लोक म्हणतील, श्वास पण घ्यायला नको, लाइट लागला की घ्या."

दसरा आला. काकांनी पूजा केली, नव्या गाडीची हिवाळ्याची चाकं चढवली, हात धुतले, गाडी सुरू केली, गल्लीतून एक फेरी मारली. पिवळी चूल थोडा वेळ मिचमिचली आणि मग पेटली ती पेटलीच. भंगारातल्या चाकांत ती यंत्रं कुठून असणार? गाडी आपल्या चार यंत्रांना हाका मारत होती आणि ती चारही तळघरात, उन्हाळ्याच्या चाकांत, काकूंच्या साड्यांखाली बसलेली.

काका शोरूममध्ये गेले. तिथला माणूस म्हणाला, हिवाळ्याच्या चाकांनाही चार यंत्रं घ्या, आम्ही बसवून देतो, गाडीला ओळख करून देतो. दर दसऱ्याला आणि दर पाडव्याला ओळख करून द्यायला यायचं. म्हणजे तो दसरा म्हणाला नाही, सीझन म्हणाला. काकांना ते पटलं नाही. माझ्या चाकांची ओळख मी दुसऱ्याकडून करून घेऊ? ते तसेच परत आले.

मग ते वर आले आणि माझ्याकडे टिकल्यांचं पाकीट मागितलं. मोठी टिकली लागेल, काळी, म्हणाले. मी विचारलं काकूंसाठी का, तर म्हणाले गाडीसाठी. पाकिटातली सगळ्यात मोठी टिकली त्यांनी त्या लाइटवर लावली. चूल झाकली. आठ दिवस काका खूष होते. पण गाडीतल्या गरम हवेने टिकली सुटायची. एकदा सुटून त्यांच्या कोटाला चिकटली आणि ते तसेच बँकेत गेले. त्या महिन्यात माझं अर्धं पाकीट संपलं. मी टिकली लावते ती कपाळाला, ती सुद्धा कधीमधी, पण मला कोणी विचारलं नाही.

नोव्हेंबरमध्ये काका दोन दिवस तळघरातून वर आले नाहीत. काकू ताट खाली नेऊन द्यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं. शेजारच्या गुजराती बाईंना, सरदारजीला, आम्हाला. समोर तो पांढरा पाइप. नळाच्या कामाला लागतो तसला, हातभर लांब. त्यांनी उन्हाळ्याच्या चाकांचे टायर पहारीने सोडवून चारही यंत्रं बाहेर काढली होती, ती या पाइपात घातली होती, दोन्ही तोंडं टोपणं चिकटवून बंद केली होती आणि एका टोपणात चाकाची नळी बसवून पंपाने पस्तीस पौंड हवा भरली होती. पाइप डिकीत ठेवला की यंत्रांना वाटणार आपण चाकात आहोत. गाडीला वाटणार चारही चाकं ठीक आहेत. लाइट लागणार नाही.

सरदारजीने टाळ्या वाजवल्या. मुलाने मला हळूच सांगितलं की हे खरंच चालेल, आणि मग असंही म्हणाला की हे करायला माणूस एक तर फार हुशार लागतो नाहीतर फार रिकामा. काकूंनी पाइपाला हळदकुंकू लावलं. नवीन हत्यार घरात आलं की लावायचंच, काही असो. काकांनी लाल मार्करने त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हात लावू नये."

आणि चूल विझली.

यानंतर जे झालं ते हळूहळू झालं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही फार उशिरा आलं. आधी काका रोज सकाळी गाडीभोवती फिरायचे, चारही चाकांवर अंगठा दाबायचे, गेज लावायचे. पाइप आल्यावर पहिले काही दिवस फिरले. मग फक्त पाइपाला गेज लावायला लागले. डिकी उघडायची, पस्तीस बघायचे, डिकी लावायची. मग थंडी वाढली तेव्हा तेही बंद झालं. गाडीत बसायचे, लाइट नाही हे बघायचे आणि निघायचे. लाइटवर विश्वास ठेवणाऱ्या लोकांना जन्मभर हसलेला माणूस लाइट बघून गाडी काढायला लागला. तोही कसला लाइट, ज्याला यांनी स्वतःच थाप मारली होती.

मी त्यांना एकदा म्हटलं, "काका, आता चाकांना कोण बघतं?" ते म्हणाले, "लाइट नाही ना आजी, मग झालं." मला वाटलं विनोद करतायत.

संक्रांतीचं हळदीकुंकू आणि मुलांचं बोरन्हाण एका हॉलमध्ये होतं, तासाभराच्या रस्त्यावर. शनिवार होता. मुलगा आणि सून सामान घेऊन सकाळीच पुढे गेले होते. नातीला काळा फ्रॉक आणि हलव्याचे दागिने घालून आम्ही मागून काकांच्या गाडीतून निघालो. काकू पुढे, मी मागे उजवीकडे, नात माझ्या शेजारी तिच्या खुर्चीत. सून मला तीन वेळा बजावून गेली होती की तिला पट्टा नीट लावा. मी लावला होता. पोर माझ्या जबाबदारीवर होती.

हायवेला लागून वीसेक मिनिटं झाली असतील, माझ्या खालून आवाज यायला लागला. थप, थप, थप. ओलं धुणं दगडावर आपटतात तसा. मालकांबरोबर मी तीस वर्षं राहिले. मी म्हटलं, "काका, मागचं चाक बसतंय." उत्तर नाही. पुन्हा म्हटलं, जोरात. मी त्यांच्या उजव्या बाजूला होते ना. काकूंना ऐकू गेलं. त्यांनी मान वळवून त्यांना सांगितलं, त्यांनीही उजव्या कानातच. तिसऱ्यांदा काकूंनी त्यांचा दंड हलवला तेव्हा त्यांनी ऐकलं. स्टिअरिंगच्या मागे नजर टाकली आणि म्हणाले, "लाइट कुठाय?"

त्यांना आठवलं नाही. मी शपथेवर सांगेन, त्या क्षणी त्यांना पाइप आठवला नाही. पाइप डिकीत आपला पस्तीस पौंडांवर मजेत होता आणि गाडीला सांगत होता, सगळं ठीक आहे.

मग गाडीचा मागचा भाग बाजूला गेला. काकांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी दीड वेळा गोल फिरली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतली, तोंड येणाऱ्या गाड्यांकडे करून. एक ट्रक भोंगा वाजवत शेजारून गेला. मी आधी नातीकडे बघितलं. ती म्हणाली, "अगेन."

पाच मिनिटांत पोलीस आला. चांगला मुलगा होता. माझ्या मुलापेक्षा लहान. कोणाला लागलं नाही ना विचारलं, नातीच्या हलव्याचं कौतुक केलं आणि म्हणाला गाडीत थांबू नका, कठड्यापलीकडे उभे राहा, दुसरी गाडी येऊन आदळू शकते. मग काकांना म्हणाला, सुटं चाक डिकीत असेल तर मी काढायला मदत करतो. काकांनी डिकी उघडली. त्याने आत वाकून बघितलं. तो सरळ झाला आणि तीन पावलं मागे गेला. पाइप, दोन्ही बाजूंची टोपणं, एक नळी, लाल डाग आणि लाल रंगाने लिहिलेली कुठल्यातरी परक्या लिपीतली अक्षरं. त्या वर्षांत विमानतळावर आमचे जोडे काढून बघत होते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही मागे गेले असते.

त्याने पिस्तूल काढलं आणि हात वर करायला सांगितलं. आम्ही केले. काकांनी दोन्ही वर केले आणि मग त्यांना सुचलं की समजावून सांगितलं तर हा प्रश्न सुटेल. काकांना नेहमी असंच वाटायचं. एक हात खाली आणला आणि गेजसाठी आत घातला.

पोलीस ओरडत होता. तो काकांच्या उजवीकडे उभा होता.

मी नातीच्या पुढे होऊन उभी राहिले. याहून दुसरं मला काही सुचलं नाही. नातीने मागून विचारलं, "आजी, डिड काका डू समथिंग बॅड?" मी म्हटलं, "हो. गप्प राहा."

काकू हलल्या. पोलीस त्यांच्यावरही ओरडला, थांब म्हणाला. त्या थांबल्या नाहीत. हात डोक्याच्या वर तसेच ठेवून, बर्फात एक एक पाऊल टाकत त्या काकांच्या मागून त्यांच्या डाव्या बाजूला गेल्या. चार पावलं असतील. पिस्तूल काकांवरून त्यांच्यावर आणि परत काकांवर जात होतं. त्यांनी काकांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "अहो, हात बाहेर काढा. रिकामा काढा."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर मला मध्येच का तोडतेस असा राग होता. आणि मग पहिल्यांदाच त्यांनी मान फिरवून पोलिसाकडे नीट पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं. त्यांचा हात बाहेर आला. रिकामा.

पुढचं सगळं वेळखाऊ होतं. काकांना बेड्या घालून एका गाडीत बसवलं, आम्हाला दुसरीत. रस्ता दोन्हीकडून बंद केला. तासाभराने एक माणूस गादीसारखा जाड पोशाख घालून आला, पाइपापाशी बराच वेळ वाकून राहिला. नातीने तेवढ्यात गळ्यातला निम्मा हलवा खाल्ला. शेवटी त्या माणसाने नळी दाबली, फुस्स झालं, आणि पाइप कापला तर आतून चार यंत्रं बाहेर पडली. त्याने ती हातात घेऊन आधी पोलिसाला आणि मग आमच्या दिशेने दाखवली. त्याला ती ओळखता आली. तो हसत होता. काकांच्या बेड्या काढल्या तेव्हा त्यांनी त्याला पहिला प्रश्न विचारला की सोडण्याआधी हवा किती होती, मोजली होती का. त्याने मोजली नव्हती. काकांना ते आवडलं नाही.

मुलगा घ्यायला आला. घरी आल्यावर म्हणाला आपण हे घर सोडू. सून म्हणाली आधी पोरीला जेवू घाल. घर आम्ही सोडलं नाही, पण नातीला काकांच्या गाडीत पुन्हा बसवलं नाही. हे काकांना कोणी सांगितलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका जिन्यावर आले. वर आले नाहीत, अर्ध्या जिन्यात उभे राहिले. मी दार उघडलं. ते म्हणाले, "आजी, तुम्ही सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतं."

मग त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता?"

मी आत गेले, मोरीतलं ओलं फडकं आणलं आणि जिन्याच्या कठड्यावर आपटून दाखवलं. थप, थप. त्यांनी मान वळवून डावा कान पुढे केला. मला वाटतं, उजव्या कानाचं त्यांना त्या दिवशी कळलं. पुन्हा दाखवा म्हणाले. मी तीन वेळा दाखवलं. मग ते खाली गेले आणि सोमवारी शोरूममधून हिवाळ्याच्या चाकांसाठी चार यंत्रं घेऊन आले. गाडीशी त्यांची ओळख तिथल्या माणसाकडूनच करून घेतली.

माफी त्यांनी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. काकूंनी त्या दिवसाबद्दल माझ्याशी एकदाच विषय काढला. म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात, मला एवढी चार पावलं चालायला लावली.

त्या दिवशी रस्त्याच्या कडेला आम्ही पाच जण होतो. काका, काकू, माझी नात, मी आणि तो पोलीस. पाचही जण जिवंत घरी गेलो.